पहिल्या आठवड्यात पहिलं वाक्य : वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवणाऱ्या ताई-दादांसाठी

बाराखडी तोंडपाठ, पण ‘कान’ वाचता येत नाही. पुण्यातला पर्वती पायथा असो, येरवडा असो, लोहियानगर असो की वाघोलीकडच्या बांधकामावरची पत्र्याची वसाहत, वर्ग सुरू केला की पहिल्याच दिवशी असं एखादं मूल भेटतं. ‘क का कि की’ घडाघडा म्हणतं. त्यातलाच ‘की’ कार्डावर सुटा दाखवला, की मनातल्या मनात ‘क’पासून मोजत तिथवर येतं. या मुलाची स्मरणशक्ती चांगली आहे, आवाज खणखणीत आहे, शाळेत जातंय. अक्षर आणि अर्थ यांची गाठ मात्र कुणी घालून दिलेली नाही.

हा लेख पहिली ते तिसरीतल्या मुलांना मराठी वाचायला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आहे. यातलं एकच सूत्र धरून ठेवा: आधी सगळी अक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, मग वाक्य अशी वाट पाहायची नाही. पाच-सहा अक्षरं आली की त्यांतूनच शब्द, त्यांतूनच वाक्य. मुलाने पहिल्या, फार तर दुसऱ्या आठवड्यात अर्थ असलेलं एक वाक्य स्वतः वाचलं पाहिजे.

किती वेळ देऊ शकता, हे आधी ठरवा

आठवड्यातून किमान तीन दिवस, दर वेळी एक तास आणि निदान एक शैक्षणिक वर्ष, एवढं जमणार असेल तरच अक्षरं शिकवायचं काम अंगावर घ्या. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की नवं अक्षर पुसट होतं आणि प्रत्येक वेळी मागच्याच पानावरून सुरुवात करावी लागते.

नोकरीमुळे फक्त शनिवारी येणं शक्य असेल, तर अक्षरांना हात लावू नका. पुस्तक वाचून दाखवा आणि मुलांशी भरपूर बोला. हे दुय्यम काम नाही. घरात एकही पुस्तक नसलेल्या मुलाला वाचनाची गोडी लागायची असेल, तर ती इथेच लागते. हिंजवडीतल्या कंपनीतले चार जण आळीपाळीने शनिवारी वाचून दाखवतात आणि वस्तीतलीच बारावी झालेली एक ताई सोम-बुध-शुक्र अक्षरं घेते, अशी वाटणी उत्तम चालते.

एका ताईकडे पाच-सहापेक्षा जास्त मुलं नकोत. बारा मुलं असतील तर दोघं लागतात. जागा रोज तीच हवी: समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, अंगणवाडीची रिकामी खोली. महापालिकेच्या शाळेत घ्यायचं असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. पालकांची संमती लिहून घ्या आणि स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी करून घ्या. कुठलंही मोठं माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड बसणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून लागू करा. मुलांचे फोटो समूहांवर टाकू नका.

कॅलेंडर समोर ठेवून आखणी करा. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. जून-जुलैत पालख्या पुण्यात येतात तेव्हा दोन दिवस रस्ते बंद असतात. गणपतीचे दहा दिवस मंडपातला स्पीकर तुमच्या आवाजावर मात करतो. दिवाळीला मुलं गावी जातात. त्यामुळे गणपतीच्या आधी अक्षरांचे दोन गट पक्के करायचे, गणपतीत नवं काही न घेता फक्त गोष्टी आणि गाणी, आणि दिवाळीनंतरचा पहिला आठवडा उजळणीचा, असं धरून चाला.

पहिले दोन दिवस: कोण कुठे आहे

प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन पाच मिनिटं द्या. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून वापरते ती चाचणी यासाठी पुरेशी आहे: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने दाखवू नका आणि ‘क कमळातला’ असं चित्र असलेली कार्डंही वापरू नका, कारण मूल चित्र वाचतं. दहापैकी आठ अक्षरं बिनचूक आली तर शब्दांकडे जा. परीक्षा वाटेल असा सूर नको. शेजारी बसा, समोर नको.

यातून तीन गट पडतात: अक्षरओळख नसलेली, अक्षरं येतात पण शब्द जुळत नाहीत अशी, आणि शब्द वाचतात पण वाक्याचा अर्थ लागत नाही अशी. इयत्तेप्रमाणे बसवू नका. तिसरीतलं मूल पहिल्या गटात असू शकतं. त्याला लहानांबरोबर बसायची लाज वाटते, म्हणून कार्डं वाटायचं, चिंचोके मोजून द्यायचं काम त्याच्याकडे द्या.

सामान

जाड कार्डशीट आणून साधारण १० बाय ८ सेंटिमीटरचे तुकडे कापा. काळ्या मार्करने अक्षर चार सेंटिमीटर उंच काढा. प्रत्येक अक्षराची दोन कार्डं हवीत, नाहीतर ‘मामा’ मांडता येत नाही. काना-वेलांटी सुटी न ठेवता ‘का’, ‘मा’, ‘ला’ अशी अख्खी अक्षरं लिहा. कॉम्प्युटरवरून छापणार असाल तर आधी ‘ल’ आणि ‘श’ तपासा. पुष्कळ फॉन्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची उमटतात, तर बालभारतीच्या पुस्तकात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ असतो. नुकतंच शिकणाऱ्या मुलासाठी ती दोन वेगळी अक्षरं ठरतात.

शिवाय मूठभर चिंचोके, पाट्या-पेन्सिली, प्रत्येक मुलाला एक चाळीस पानी वही आणि वीस-पंचवीस चित्रमय पुस्तकं. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार मोफत मिळतात, त्या छापूनही घेता येतात. पुस्तक निवडताना एका पानावर दोन ते चार ओळी, ठळक टाइप आणि चित्रात घडणारी काहीतरी गंमत, एवढं पाहा. तात्पर्य सांगणारी पुस्तकं बाजूला ठेवा.

आधी कान, मग डोळे

वाचायला शिकताना मुलाला आधी हे कळावं लागतं, की बोललेला शब्द तुकड्यांचा बनलेला असतो. इथे चिंचोके कामाला येतात. ‘कमळ’ म्हणा आणि एकेक तुकड्याला एक चिंचोका सरकवा: क, म, ळ. आता मुलाला ‘बाहुली’ द्या. पहिल्या दिवशी ते ‘बाहु’ला एक आणि ‘ली’ला एक असे दोनच चिंचोके सरकवेल किंवा उरलेलेही सरकवून टाकेल. तुम्ही त्याच्या बोटाबरोबर सावकाश म्हणा. चार-पाच दिवसांत बोट आणि जीभ एकत्र चालायला लागतात. मग पुढचा खेळ: पहिला चिंचोका उचला आणि विचारा, ‘कपाटातला क पळाला, काय उरलं?’ ‘पाट!’ हे ज्या मुलाला पटकन जमतं, ते अक्षरं जोडायला फार त्रास देत नाही.

शब्दांच्या भेंड्याही घ्या, शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. पहिल्या आवाजावरून शब्द गोळा करताना सुरुवातीला ‘च’ आणि ‘ज’ टाळा. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’, ‘जाड’ आणि ‘जीभ’ यांतले पहिले आवाज मराठीत वेगळे आहेत. मुलाचा कान तो फरक बरोबर टिपतो आणि आपण त्यालाच चुकीचं ठरवतो. पुढे वाचताना ओळखीच्या शब्दात ते आपोआप योग्य उच्चार करतं, नियम सांगायची गरज पडत नाही.

दररोज दहा मिनिटं पुरे. पण महिनाभर सोडू नका.

वाचून दाखवणं

तासातली पंधरा मिनिटं यासाठी राखून ठेवा, कितीही घाई असली तरी. पुस्तक मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि ओळीखालून बोट फिरवा, म्हणजे डावीकडून उजवीकडे जायचं आणि शब्दांमध्ये जागा असते, हे न सांगता समजतं. एकच पुस्तक सलग तीन दिवस घ्या. पहिल्या दिवशी फक्त गोष्ट. दुसऱ्या दिवशी मध्ये थांबून ‘आता काय होईल?’ तिसऱ्या दिवशी मुलांनी चित्रांवरून गोष्ट सांगायची. ‘या गोष्टीतून काय शिकलात?’ हा प्रश्न विचारू नका, त्याला ‘खोटं बोलू नये’ असं ठरीव उत्तर येतं आणि गप्पा तिथेच संपतात. ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ यावर दहा मिनिटं सहज जातात.

वाचताना पुस्तकातली भाषा बदलू नका. ‘तो उद्गारला’ असेल तर तसंच वाचा आणि लगेच ‘म्हणजे म्हणाला’ असं जोडा. पुस्तकी मराठी कानावर पडायचं त्यांना दुसरं ठिकाण नाही.

अक्षरांचे गट

पहिला गट: क, म, न, र, ल, आ आणि काना. एवढ्यावर किती शब्द होतात पाहा: काका, मामा, नाना, कान, नाक, मान, रान, लाल, काल, मका, मला, आला, कमान. आणि वाक्यं: ‘मामा आला.’ ‘काल मामा आला.’ ‘नाना, राम आला का?’ शेवटचं वाक्य वाचल्यावर मूल मान वर करून ‘कोण राम?’ असं विचारतं, तेव्हा ते खरंखुरं वाचत असतं. (‘मामा आले’ म्हणायला हवं, अशी हरकत कुणी घेईल. मात्रा तिसऱ्या गटात येते, तोवर मामाला अरेतुरे चालेल.)

दुसरा गट: त, प, स, ब, ह आणि दीर्घ वेलांटी. ‘ती पाल. साप नाही.’ ‘मला ताप नाही.’ तिसरा गट: ग, ड, व, ज, द आणि एक मात्रा. आता ‘आजी, मला वडापाव दे’ हे वाक्य मुलाच्या आवाक्यात येतं. हे वाक्य पाटीवर लिहिलं की वर्गात जो आवाज होतो, तो होऊ द्या. चौथ्या गटात ट, ण, ळ, च, य आणि उकार; मग ओकार, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार आणि उरलेली अक्षरं. ष, ऋ, क्ष, ज्ञ सगळ्यांत शेवटी. ङ आणि ञ वाचायला जवळजवळ लागतच नाहीत, त्यांच्यावर दिवस घालवू नका.

एका गटाला दोन ते तीन आठवडे लागतात. गटातल्या अक्षरांनी बनलेले न शिकवलेले दहा शब्द दिल्यावर आठ वाचता आले, तरच पुढे जा.

अक्षरांसाठीच्या रोजच्या पंधरा मिनिटांचा क्रम असा. जुन्या अक्षरांची कार्डं पिसून एकदा फिरवा. नवं अक्षर एकच, तेही शब्दातून: ‘नाक’ म्हणा, पहिला आवाज विचारा, मग अक्षर दाखवा. जमिनीवर बोटाने मोठं गिरवू द्या. मग कार्डं जोडून शब्द, मग पाटीवर एक वाक्य, आणि शेवटी मुलाने वहीत स्वतःचा एक शब्द लिहायचा.

इथे हमखास होणाऱ्या काही चुका आहेत. पहिली आवाजाची: शिकवणारा ‘कअअ, मअअ, ळअअ’ असं लांबवतो आणि मूल ते जोडून ‘कामाळा’ म्हणतं. अक्षर आखूड म्हणा आणि कार्डं एकमेकांकडे सरकवत आवाजही जवळ आणा. दुसरी, ‘क ला काना का’ हा पाढा. दोन अक्षरांच्या शब्दात तो खपतो, पण चार अक्षरांच्या शब्दात शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. ‘का’ हे एकदम ‘का’ म्हणूनच दिसलं पाहिजे. तिसरी चूक, सारखी दिसणारी अक्षरं एका दिवशी घेणं. घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व यांतलं एक पक्कं झाल्यावर निदान तीन आठवड्यांनी दुसरं आणा. ‘ख’ला मुलं ‘रव’ वाचतात. दोन्ही भाग खाली जुळलेत का, हे बोटाने दाखवा.

ऱ्हस्व वेलांटी अवघड जाते, कारण डोळ्यांना ती अक्षराच्या आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. म्हणून दीर्घ आधी. ‘किती’ हा शब्द दोन्ही वेलांट्या एकत्र दाखवतो, तो फळ्यावर आठवडाभर राहू द्या. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पहिली-दुसरीत लाल रेघ मारू नका. बोलण्यात हा फरक फारसा ऐकू येत नाही, तो पुष्कळ वाचल्यावर डोळ्यांत बसतो.

बसच्या पाट्या

पुण्यातल्या मुलासाठी पीएमपी बसची पाटी हे फुकटचं पाठ्यपुस्तक आहे. दुसऱ्या गटानंतर ‘मनपा’ वाचता येतं आणि ‘मनपा बस आली का?’ हे वाक्यही. तिसऱ्या गटानंतर ‘वाकड’ आणि ‘हडपसर’.

‘हडपसर’वर जरा थांबा. पाच अक्षरं, एकही काना-मात्रा नाही. मूल ‘ह… ड… प…’ करत जातं आणि तिसऱ्या अक्षराशी डोळे चमकून एकदम ‘हडपसर!’ म्हणतं. हे वाचन की अंदाज? दोन्ही, आणि दोन्ही चांगलंच. खात्री करायला त्याच कार्डांतून ‘पसर’ मांडा. ते वाचलं तर काळजी नाही. नाही वाचलं तर पाटी चित्रासारखी ओळखली होती, एवढंच समजा आणि पुन्हा अक्षरांकडे या. याच शब्दात आणखी एक गोष्ट दिसते: आपण ‘ह-डप्-सर्’ असं म्हणतो, पाच सारखे तुकडे म्हणत नाही. मूल अक्षरं सुटी वाचत राहिलं तर ‘आता आपण बोलतो तसं म्हण’ एवढं सांगा.

पुढे ‘बाणेर’, ‘खडकी’, ‘निगडी’, ‘आळंदी’. जोडाक्षरांपर्यंत आलात की ‘स्वारगेट’, ‘रस्ता’, ‘पुस्तक’, ‘वस्ती’ घ्या. जोडाक्षर म्हणजे पहिल्याची काठी गेली आणि ते दुसऱ्याला टेकलं, हे कार्डावरची काठी बोटाने झाकून दाखवा. सोप्यात सोपी सुरुवात ‘पत्ता’, ‘कच्चा’ अशा दुहेरी अक्षरांनी होते. ‘र’ची रूपं एकेक आठवडा सोडून घ्या: ‘कात्रज’, मग ‘मेट्रो’, मग ‘पर्वती’, मग ‘कऱ्हा’. रफार सगळ्यांत फसवा आहे. तो ‘व’च्या डोक्यावर बसतो आणि आवाज मात्र ‘व’च्या आधी येतो. ‘पर्वती’ आणि ‘कर्वे’ हे रोजचे शब्द असल्यामुळे तो इथल्या मुलांना लवकर कळतो.

मूल अडलं की

मनात पाच अंक मोजा. बहुतेक ताई-दादा दुसऱ्यालाच शब्द सांगून टाकतात आणि मूल पुस्तकाऐवजी त्यांच्या ओठांकडे बघायला शिकतं. पाचानंतर पहिल्या अक्षराखाली बोट ठेवा. तरीही नाही आलं तर शब्द सांगा, वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचू द्या आणि पुढे जा. एका पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक अवघड आहे, मूल कच्चं नाही. दुसरं पुस्तक द्या.

‘पाणी’ पाहून मूल ‘पानी’ म्हणालं, ‘नाही’ला ‘न्हाई’ म्हणालं, तर ते चुकलेलं नाही. त्याने अक्षरं ओळखली, अर्थ लावला आणि आपल्या घरच्या बोलीत सांगितलं. ‘ण’ ओळखतंय का, हे हवं तर कार्डावर वेगळं पाहा. घरची भाषा हसण्यावारी गेली की मूल पुढच्या वेळी मोठ्याने वाचत नाही, आणि मग त्याचं कुठे अडतंय हे कळायला मार्गच उरत नाही. कन्नड, हिंदी किंवा बंजारा बोलणाऱ्या मुलाला अक्षरांआधी एक-दोन महिने मराठी बोलणं, ऐकणं, वस्तूंची नावं यांची गरज असते. ‘मका’ वाचला आणि मका म्हणजे काय ते माहीतच नसेल, तर वाचून हाती काही लागलं नाही.

वेग आणि नोंदी

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द समजून वाचता यावेत, असं उद्दिष्ट आहे. महिन्यातून एकदा घड्याळ लावून पाहायला हरकत नाही, पण मुलांसमोर आकडे वाचून दाखवू नका. मुलं धावत वाचतात आणि अर्थ मागे पडतो. वेग वाढायचा खरा उपाय म्हणजे तोच उतारा तीन-चारदा, जोडीदाराला, धाकट्या भावंडाला, आईला वाचून दाखवणं. म्हणून शुक्रवारी एक पुस्तक घरी द्या. फाटलं तर चिकटवू, असं आधीच सांगा. जपून ठेवायच्या धाकाने पुस्तक पिशवीतून बाहेरच निघत नाही.

प्रत्येक मुलासाठी वहीचं एक पान ठेवा: पक्की अक्षरं, घोटाळ्याची अक्षरं, वाचलेलं पुस्तक, तारीख. दर चार आठवड्यांनी पहिल्या दिवसाची चाचणी पुन्हा घ्या. दोन महिने नियमित येऊनही मूल पहिल्याच गटात अडकलं असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मागे बसून चुकणारं मूल पुढे बसवल्यावर वाचतं का, मागून हलक्या आवाजात हाक मारल्यावर वळतं का, हे तुम्हालाही बघता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत तपासणी करतात, त्याबद्दल वर्गशिक्षकांना विचारा. ‘डिस्लेक्सिया आहे’ हे शब्द पालकांपुढे काढू नका. ते ठरवायचं काम तज्ज्ञांचं आहे.

बांधकामावरची कुटुंबं काम संपलं की हलतात, कधी एका रात्रीत. म्हणून त्या मुलाच्या वहीचं पहिलं पान, पुढच्या शिक्षकाला समजेल असं, दर महिन्याला ताजं करत राहा: कोणती अक्षरं येतात, कोणती गोंधळतात, घरी कोणती भाषा बोलतात, कुठली गोष्ट आवडते. वही मुलाच्याच दप्तरात राहू द्या आणि कव्हरच्या आत ‘काल मामा आला’ असं त्याने स्वतः लिहिलेलं पान चिकटवा.